धर्मपुरी (तामिळनाडू): हरताना जास्त मतं, जिंकताना कमी, हे काय गणित आहे?

रिकामटेकडा निरीक्षक:

मंडळी, लोकसभा २०२४ चे आकडे चाळत बसलोय (दुसरा उद्योग नाही) आणि तामिळनाडूतल्या धर्मपुरीपाशी येऊन गाडी अडलीये. सेलम आणि बेंगळुरूच्या मधला जिल्हा, होगेनक्कलचा धबधबा जिथे आहे तो. तामिळनाडूच्या राजकारणावर आपल्याकडे काही लिहून आलंच तर ते करुणानिधी-जयललिता, नाहीतर हिंदीविरोध, जिल्ह्यांच्या पातळीवर कुणी उतरतच नाही, म्हणून म्हटलं इथे विचारू, कुणीतरी तिकडे राहिलेलं असेल.

तर झालंय असं की २०२१ च्या विधानसभेला अख्ख्या राज्यात द्रमुकची लाट होती, स्टॅलिन मुख्यमंत्री झाले, आणि या जिल्ह्यातल्या पाचही जागा मात्र विरोधकांकडे गेल्या, तीन अण्णाद्रमुक आणि दोन पीएमके (पाट्टाळी मक्कळ कट्ची). द्रमुक शून्य. पुढे तीन वर्षांनी लोकसभेला त्याच धर्मपुरीतून द्रमुकचे ए. मणी निवडून आले, पीएमकेच्या सौम्या अन्बुमणींना २१,३०० मतांनी हरवून. बरं, २०१४ ला जयललितांनी ३९ पैकी ३७ जागा घेतल्या तेव्हा ज्या दोन जागा त्यांच्या हाताला लागल्या नाहीत त्यातली एक कन्याकुमारी आणि दुसरी हीच धर्मपुरी! म्हणजे राज्य जिकडे चाललंय त्याच्या उलट चालायची सवय आहे की काय या लोकांना?

आणि दुसरं म्हणजे मतदानाचा टक्का. २०२४ ला धर्मपुरीत ८१.२ टक्के, राज्यात सगळ्यात जास्त. मध्य चेन्नईत ५४ च्या आतच. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत मात्र हाच जिल्हा राज्यात तळाला, ६८.५ टक्के, आणि राज्याची सरासरी ८० च्या आसपास. सुशिक्षित लोक जास्त जागरूक वगैरे आपण जे ऐकत आलोय त्याच्या बरोब्बर उलटं.

तिथे वन्नियार समाज मोठा आहे आणि पीएमके हा त्यांचा पक्ष, एवढं वाचलंय. पण मग ते हरतात कसे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. विकिपीडिया वाचून झालाय, त्याच्या पुढचं सांगा.

कोलांटउडी:

उत्तर एका शब्दात, जात. तिथे मतदान करत नाहीत, जात मोजतात. वन्नियार एका बाजूला, दलित दुसऱ्या बाजूला, उरलेले ज्याची हवा त्याच्याकडे. बाकी सगळं संपादकीय लिहिणाऱ्यांसाठी.

तळटीप:

@कोलांटउडी, एवढं सोपं असतं तर पीएमके तिथे कधी हरलीच नसती. कारण या मतदारसंघात सगळेच मोठे पक्ष बहुतेक वेळा वन्नियार उमेदवारच देतात, त्यामुळे जात बघून मत द्यायचं म्हटलं तरी समोर दोघं-तिघं आपल्याच जातीचे उभे असतात. जातीने मैदान आखून दिलंय, सामन्याचा निकाल ती लावत नाही. (आणि एक सांगून ठेवतो, इथले वन्नियार नावापुढे गौंडर लावतात, त्यामुळे आडनाव बघून त्यांना कोइमतूर-इरोडकडच्या कोंगू वेल्लाळ गौंडरांत टाकू नका, दोन्ही समाज वेगळे आणि त्यांचं राजकारणही वेगळं.)

निरीक्षकराव, तुम्ही जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एकच धरताय. जिल्ह्यात पालकोड, पेन्नागरम, धर्मपुरी, पापिरेड्डीपट्टी आणि हरूर असे पाच विधानसभा मतदारसंघ, यातला हरूर अनुसूचित जातींसाठी राखीव. लोकसभेत या पाचांना सहावा जोडलाय तो मेट्टूर, आणि मेट्टूर सेलम जिल्ह्यात येतं. त्यामुळे २०२१ चे पाच आणि २०२४ ची एक यांची तुलना थोडी जपून करायला पाहिजे.

आता मुद्द्याचं. पीएमकेच्या मागच्या तीन लोकसभांचे आकडे एकाखाली एक लिहून बघा, मग मजा कळते. २०१४ ला अन्बुमणी रामदास (पक्षाचे संस्थापक डॉ. रामदास यांचे चिरंजीव) ४,६८,१९४ मतं घेऊन जिंकले. २०१९ ला ५,०४,२३५ मतं घेऊन हरले, ७०,७५३ नी. म्हणजे हरताना ३६ हजार मतं जास्त पडली! आणि २०२४ ला त्यांच्या पत्नी सौम्या ४,११,३६७ वर थांबल्या, पण जिंकणाऱ्या मणींना तरी किती, तर ४,३२,६६७. म्हणजे २०१९ ला अन्बुमणींना जेवढ्या मतांवर पराभव मिळाला त्याहून ७० हजार कमी मतांवर २०२४ ला द्रमुकला खासदारकी मिळाली. अख्खी गोष्ट या चार आकड्यांत आहे.

कारण काय, तर लढत किती कोनी होती ते. २०१४ ला तिरंगी होती. अन्बुमणी भाजप, विजयकांतचा डीएमडीके आणि वायकोंच्या एमडीएमकेबरोबर, अण्णाद्रमुक एकटी (३.९१ लाख), आणि द्रमुक तिसरी, जेमतेम १.८० लाख. २०१९ ला अण्णाद्रमुक आणि पीएमके एका बाजूला आले तर लढत सरळ झाली, आणि सरळ लढतीत द्रमुक आघाडीने राज्यभर ३८ जागा घेतल्या त्यात ही पण गेली. २०२४ ला अण्णाद्रमुक-पीएमकेचं फाटलं, पीएमके भाजपबरोबर, अण्णाद्रमुकने वेगळा उमेदवार दिला, त्याला २.९३ लाख मतं. पीएमके आणि अण्णाद्रमुकची बेरीज केली तर सात लाखांच्या वर जाते, समोर द्रमुकचे सव्वाचार-साडेचार लाख. बघा आता.

पण लगेच ‘एकत्र असते तर जिंकले असते’ म्हणू नका. २०१४ ला दोघं वेगळे लढले तेव्हा दोघांची मिळून साडेआठ लाखांवर होती, आणि २०१९ ला एकत्र आल्यावर पाच लाख! साडेतीन लाख कुठे गेली? काही भाग २०१४ च्या मित्रपक्षांचा होता, वायको तर २०१९ ला द्रमुककडे गेले होते, काही अण्णाद्रमुकमधून फुटलेल्या दिनकरनच्या पक्षाने खाल्ली, काही मोदीविरोधी हवेत गेली. माझ्या मते मोठा भाग असा की पीएमके शेजारी येऊन बसली की अण्णाद्रमुकचा दलित आणि इतर मतदार उठून जातो, आणि अण्णाद्रमुक शेजारी आली की पीएमकेचा तरुण कार्यकर्ता घरी बसतो. कागदावरची बेरीज पेटीत उतरत नाही.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा पक्ष कळत नाही. डॉ. रामदास, तिंडीवनमचे डॉक्टर, यांनी १९८० मध्ये वन्नियार संघम काढला. १९८७ च्या सप्टेंबरात आरक्षणासाठी आठवडाभर उत्तर तामिळनाडूतले रस्ते बंद पाडले, झाडं तोडून आडवी टाकली, पोलीस गोळीबार झाला, २१ माणसं गेली. १९८९ ला करुणानिधी सत्तेत आल्यावर ओबीसींमधून ‘अतिमागास’ असा वेगळा गट काढून २० टक्के दिले, पण त्यात शंभरावर जाती घातल्या, म्हणजे मागणी अर्धी पदरात आणि अर्धी हवेत. त्याच वर्षी जुलैत पीएमके स्थापन झाली. तेव्हापासून पक्षाचं दुखणं एकच, मतं एका पट्ट्यात दाटून आहेत, पण तेवढ्यावर एकट्याने निवडून येता येत नाही, कुणाच्या तरी खांद्यावर बसावं लागतं. धर्मपुरी लोकसभा त्यांनी चार वेळा जिंकली. १९९८ ला जयललितांबरोबर, १९९९ ला करुणानिधी आणि वाजपेयींबरोबर, २००४ ला करुणानिधी आणि काँग्रेसबरोबर, २०१४ ला भाजपबरोबर द्रमुक-अण्णाद्रमुक दोघांच्या विरोधात. खांदे बदलत गेले, जागा तीच. एकट्याने जोर लावून बघितला तो २०१६ च्या विधानसभेला, ‘मात्रम, मुन्नेत्रम, अन्बुमणी’ (बदल, प्रगती, अन्बुमणी) म्हणत, मुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हणून अन्बुमणी स्वतः पेन्नागरममधून उभे राहिले, म्हणजे घरच्या मैदानावर, आणि द्रमुकच्या इन्बसेकरनकडून हरले.

कावेरीकाठचा पाहुणा:

मी कामानिमित्त होसूरला बरीच वर्षं काढली आहेत, होसूर म्हणजे कृष्णगिरी जिल्हा, पण २००४ पर्यंत तो सगळा भाग धर्मपुरी जिल्ह्यातच होता (आणि धर्मपुरी स्वतः १९६५ पर्यंत सेलममध्ये). होसूरला टाटांपासून टीव्हीएस, अशोक लेलँडपर्यंत सगळे आले, जिल्ह्याची फाळणी झाली आणि कारखाने तिकडे राहिले, इकडे राहिला कोरडवाहू माळ. हे लक्षात घेतल्याशिवाय धर्मपुरी कळणार नाही. २०११ ला इथली शहरी लोकसंख्या १७ टक्के, राज्याची ४८. तामिळनाडू म्हणजे शहरी राज्य असं आपण समजतो त्यात हा जिल्हा बसतच नाही.

पाणी हा तिथला खरा विषय, जात वगैरे तुम्ही बोलताय ते आहेच पण गावात बसलं की पहिलं वाक्य पाण्याचं. विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड एवढं की लहान पोरांचे दात पिवळे-तपकिरी आणि वय झालं की हाडं, सांधे धरतात. आणि चेष्टा बघा, कावेरी कर्नाटकातून तामिळनाडूत शिरते ती याच जिल्ह्यात, होगेनक्कलला, धबधबा बघायला लाखो माणसं येतात, आणि वर माळावरच्या बायका फ्लोराइडचं पाणी भरतायत. होगेनक्कल पाणी योजना जपानी कर्जातून आली, २००८ ला भूमिपूजन झालं तर कर्नाटकात दंगा, बसवर दगडफेक, थिएटरं बंद, तिथे निवडणूक होती म्हणून करुणानिधींनी काम थांबवलं. शेवटी मे २०१३ मध्ये जयललितांनी उद्घाटन केलं, १,९२८ कोटींची योजना. म्हणजे सुरू एकाने केली, फीत दुसरीने कापली, आणि आता दोन्ही पक्ष ती आपलीच म्हणून सांगतात, पीएमकेसुद्धा.

पिण्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी पोचलं पण शेतीचं नाही. कावेरीला पूर येतो तेव्हा वाहून जाणारं जादा पाणी उपसून जिल्ह्यातले तलाव भरा ही जुनी मागणी, अन्बुमणींनी २०२२ ला त्यासाठी पदयात्रा काढली होती. दुसरी मागणी मोरप्पूर-धर्मपुरी रेल्वेमार्गाची, ती प्रत्येक निवडणुकीच्या भाषणात असते. शेती म्हणाल तर नाचणी, भुईमूग, चिंच, ऊस जिथे पाणी आहे तिथे, आणि पालकोडकडे टोमॅटो, टोमॅटोचा बाजार मोठा आहे पण भाव पडला की रस्त्याच्या कडेला ढीग ओतलेले दिसतात. त्यामुळे घरटी एकजण तरी बाहेर. बेंगळुरूला बांधकामावर, तिरुप्पूरला होजिअरीत, होसूरला कंपनीत.

८१ टक्क्यांचं माझं उत्तर यातच आहे. ही बाहेर गेलेली मंडळी कायमची गेलेली नसतात, रेशनकार्ड गावात, मत गावात, म्हातारे आईबाप गावात, बेंगळुरूहून बसने तीन-चार तास. मतदानाच्या आदल्या रात्री होसूरच्या बसस्टँडवर दिवाळीसारखी गर्दी असते, दारात लटकून जातात लोक. आणि गावात कोण गेलं कोण नाही हे सगळ्यांना माहीत असतं, चेन्नईच्या फ्लॅटमध्ये बसलेल्याला कोण विचारतंय. साक्षरतेचा आणि या टक्क्याचा संबंध लावायला जाऊ नका, सरकारी योजनेवर ज्याचं घर चालतं त्याला मताची किंमत जास्त कळते.

सांजवात:

वाचतेय. चांगली चर्चा आहे पण आत्तापर्यंत सगळे पुरुषांच्या मतांवरच बोलतायत, म्हणून लिहिते.

धर्मपुरी, सेलम आणि मदुराईकडचा उसिलमपट्टी हा भाग ऐंशी-नव्वदच्या दशकात नवजात मुली मारण्यासाठी कुप्रसिद्ध होता. जयललितांनी १९९२ मध्ये पाळणा योजना सुरू केली ती सेलममधून, नको असलेली मुलगी मारू नका, सरकारी पाळण्यात ठेवा. २००१ नंतर ती धर्मपुरीत आणि आणखी काही जिल्ह्यांत आली. योजनेवर टीकाही झाली, की यातून मुलगी टाकून देणं सोपं करून ठेवलंत, आणि ती टीका मला पटते, पण आकडे हलले हे खरं. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ ला ८२६ मुली होत्या, २०११ ला ९१३. अवैध सोनोग्राफी करणाऱ्या टोळ्या तिकडे अजूनही अधूनमधून पकडल्या जातात, त्यामुळे प्रश्न संपलाय असं कुणी समजू नये.

राजकारणाशी याचा संबंध असा की या जिल्ह्यातल्या बायकांना सरकार म्हणजे काय हे थेट हातात पडतं, पाळणा, बाळंतपणाचे पैसे, रेशनचा तांदूळ, २०२१ पासून साध्या बसचा फुकट प्रवास. आणि स्टॅलिन सरकारने सुरू केलेली बायकांसाठीची महिना हजार रुपयांची योजना, ‘कलैञर मगळीर उरिमै तोगै’, त्याच्या अर्ज भरायच्या शिबिरांची सुरुवात मुख्यमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये केली कुठून, तर याच जिल्ह्यातल्या तोप्पूरमधून. ज्या जिल्ह्यात आपला एकही आमदार नाही तिथे येऊन. हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही. पैसे सप्टेंबरपासून खात्यात आले आणि एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान.

त्यामुळे सौम्या अन्बुमणींना उभं करणं ही पीएमकेची चाल चांगली होती, बाईसमोर हजार रुपयांचं काय करायचं ते बाईच बोलू शकते. पर्यावरणाच्या कामात त्या आधीपासून आहेत, प्रचारात पाणी आणि दारू दोन्ही लावून धरलं. मतमोजणीत बराच वेळ पुढेही होत्या. मग मागे पडल्या.

अवांतर: त्यांचे सख्खे भाऊ विष्णुप्रसाद त्याच निवडणुकीत कडलूरहून काँग्रेसतर्फे, म्हणजे द्रमुकच्या आघाडीतून खासदार झाले, आणि तिथे त्यांच्यासमोर पीएमकेचाही उमेदवार होता. रक्षाबंधनाला काय बोलत असतील!

कोलांटउडी:

@सांजवात, हजार रुपयांत मत विकलं असंच ना शेवटी? आणि तिकडे रक्षाबंधन नसतं हो.

सांजवात:

विकलं नाही. साखर कारखान्याला मिळालं की पॅकेज आणि बाईला मिळालं की विकत घेतलं, हे जुनं झालं आता. रक्षाबंधनाचं मान्य.

वेशीबाहेर:

कोलांटउडींनी पहिल्याच प्रतिसादात ‘दलित दुसऱ्या बाजूला’ एका ओळीत उडवलं, त्यावर थोडं लांब लिहितो कारण ते एका ओळीचं नाहीये.

जिल्ह्यात २०११ ला अनुसूचित जाती १६ टक्क्यांच्या वर आणि जमाती ४ टक्क्यांच्या वर. तामिळनाडूत जमातींची सरासरी जेमतेम एक टक्का, तेव्हा चार म्हणजे खूपच. हे आदिवासी बहुतेक हरूरकडच्या सित्तेरी डोंगरात आणि आसपास, जमातीचं नाव मलयाळी, केरळशी काही संबंध नाही.

याच हरूर तालुक्यात वाचाती नावाचं गाव आहे. २० जून १९९२, चंदनाची चोरटी तोड शोधायच्या नावाखाली वनखातं, पोलीस आणि महसूल असे सरकारी लोक गावात शिरले, गाव उद्ध्वस्त केलं, माणसांना मारलं, १८ बायकांवर बलात्कार केले. सुरुवातीला सरकारने असं काही झालंच नाही म्हणून सांगितलं. मार्क्सवादी पक्ष आणि आदिवासी संघटना मागे लागली, कोर्टाने सीबीआय नेमली, २६९ आरोपी. निकाल लागला २०११ मध्ये, तोपर्यंत ५४ जण मरून गेले होते, उरलेल्या २१५ च्या २१५ ना दोषी ठरवलं. मद्रास हायकोर्टाने २०२३ मध्ये ते कायम केलं आणि प्रत्येक पीडितेला दहा लाख द्यायला सांगितले. एकतीस वर्षं लागली. आता हे निवडणुकीत कसं दिसतं बघा, हरूरमधून २००६ आणि २०११ असं दोनदा मार्क्सवादी पक्षाचे दिल्लीबाबू निवडून आले, तेच आदिवासी संघटनेतले. एकदा द्रमुकच्या आघाडीत, एकदा अण्णाद्रमुकच्या. म्हणजे आघाडी बदलली तरी माणूस तोच निवडला, हे ‘हवा ज्याची त्याच्याकडे’ नव्हे.

दुसरी गोष्ट नायकनकोट्टईजवळची. नोव्हेंबर २०१२. दलित मुलगा आणि वन्नियार मुलगी यांनी लग्न केलं, मुलीच्या वडिलांनी आत्महत्या केली, आणि त्याच संध्याकाळी जमावाने नत्तम, कोंडमपट्टी, अण्णानगर या तीन दलित वस्त्यांवर हल्ला केला, अडीचशेवर घरं फोडली-जाळली. लक्षात घ्या, जीव कुणाचा गेला नाही पण टीव्ही, मोटरसायकल, कपाट, पोरांची सर्टिफिकिटं हे वेचून जाळलं. बेंगळुरूला राबून आणलेली चार वस्तूंची मिळकत डोळ्यात खुपत होती, हे तेव्हा तिथे जाऊन आलेल्या बऱ्याच लोकांनी लिहिलंय. पुढच्या जुलैत त्या मुलाचा मृतदेह धर्मपुरीत रेल्वे रुळाजवळ सापडला. चौकशी आयोगाने आत्महत्या म्हटलं, घरच्यांनी ते कधी मानलं नाही.

आणि या सगळ्या काळात रामदास गावोगाव मधल्या जातींच्या बैठका घेऊन आंतरजातीय लग्नांविरुद्ध बोलत होते, ‘नाटकी प्रेम’ म्हणत होते. दीड वर्षाने २०१४ ची लोकसभा आली आणि अन्बुमणी जिंकले. तळटीप यांनी तिरंगी लढतीचं गणित बरोबर मांडलंय, पण त्या ४.६८ लाखांत या ध्रुवीकरणाचा वाटा किती ते गणितात दिसत नाही. त्याची परतफेडही झाली, २०१९ पासून व्हीसीके हा दलितांचा पक्ष आणि डावे दोन्ही द्रमुकच्या आघाडीत पक्के बसलेत आणि दलित मत पीएमके ज्या बाजूला असेल त्याच्या समोर जाऊन पडतं. पीएमकेला जे जिंकवतं तेच तिला हरवतंही.

आणखी एक, हा भाग एकेकाळी नक्षल चळवळीचा होता, १९८० च्या आसपास पोलिसांनी ती मोडून काढली. नायकनकोट्टईतच त्या काळी दोन पेल्यांच्या चहाविरुद्ध, म्हणजे दलितांना वेगळा पेला देण्याविरुद्ध आंदोलनं झाली आणि त्यात वन्नियार तरुणही होते. तीस वर्षांत तिथेच हे घडलं, तेव्हा ‘पहिल्यापासून असंच आहे’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

रिकामटेकडा निरीक्षक:

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. @वेशीबाहेर, वाचातीचं नुसतं नाव ऐकून होतो.

पण माझा अर्धा प्रश्न तसाच आहे. अण्णाद्रमुक-पीएमके एकत्र आले की बेरीज होत नाही असं तळटीप म्हणतात, २०१९ ला तसंच झालं, ठीक. मग २०२१ ला तेच दोघं एकत्र असताना पाचपैकी पाच कसे? दोन वर्षांत बेरीज जमायला लागली?

तळटीप:

चांगला प्रश्न. पहिलं म्हणजे ‘दोन वर्षांत’ नाही, २०१९ लाच त्याच दिवशी दोन्ही चित्रं होती. १८ एप्रिल २०१९ ला लोकसभेबरोबर हरूर आणि पापिरेड्डीपट्टीत पोटनिवडणूक पण होती (तिथले आमदार दिनकरन गटात गेले म्हणून २०१७ ला अपात्र ठरले होते). लोकसभेला मतदारसंघातून द्रमुक निवडून आली, आणि पोटनिवडणुकीत या दोन्ही जागा अण्णाद्रमुकने राखल्या. त्याच रांगेत उभं राहून दोन मशिनवर दोन पक्षांची बटणं दाबणारे हजारोंनी होते. दिल्लीसाठी एक, चेन्नईसाठी दुसरं. मोदींना नको म्हणणारा माणूस अण्णाद्रमुकचे तेव्हाचे मुख्यमंत्री एडप्पाडी यांना पाडायला तयार नव्हता.

आणि एडप्पाडी पळनिस्वामी शेजारच्या सेलमचे, हा मोठा मुद्दा आहे. मुख्यमंत्री आपल्या पट्ट्यातला, ही भावना २०२१ ला सेलम-धर्मपुरीत खूप होती, सेलममध्येही ११ पैकी १० जागा त्यांच्या आघाडीला. शिवाय निवडणूक जाहीर व्हायच्या दिवशीच, २६ फेब्रुवारी २०२१ ला, त्यांनी वन्नियारांना अतिमागासांमध्ये साडेदहा टक्के वेगळं आरक्षण देणारा कायदा विधानसभेत मंजूर करून घेतला. चाळीस वर्षांची मागणी. पीएमकेचा कार्यकर्ता या वेळी घरी बसला नाही. पुढे त्याच वर्षी हायकोर्टाने कायदा उडवला, मार्च २०२२ ला सुप्रीम कोर्टानेही तेच केलं, ताजी आकडेवारी कुठाय म्हणून. म्हणजे मतं पडली आणि आरक्षण गेलं. जातनिहाय गणना करा, हा पीएमकेचा आजचा सगळा जोर तिथून आलाय.

तिसरं, माणसं. पालकोडचे के. पी. अन्बळगन २००१ पासून सलग पाच वेळा आमदार, उच्चशिक्षणमंत्री होते. लाट कुणाचीही असो, ते निवडून येतात. तुम्ही पाच-शून्य म्हणताय त्यातली एक जागा तर कधी स्पर्धेतच नव्हती. आणि २०११ ला सुद्धा पाचही जागा अण्णाद्रमुक आघाडीच्याच होत्या, फक्त तेव्हा त्या दोन अण्णाद्रमुक, एक भाकप, एक माकप, एक विजयकांत अशा होत्या आणि पीएमके समोर द्रमुककडे होती! राज्याच्या उलट जातात म्हणता, २०११ ला तर राज्याबरोबरच होते.

कावेरीकाठचा पाहुणा:

पालकोडचं बरोबर. तिकडे माणूस लग्न-मयताला आला की नाही यावर मत ठरतं, ‘आमचा आमदार फोन उचलतो’ हे मी कितीदा तरी ऐकलंय. द्रमुकचे २०१९ चे खासदार सेंथिलकुमार उलट, ट्विटरवर राज्यभर गाजले, तलावाच्या भूमिपूजनाला फक्त हिंदू पुजारीच का म्हणून अधिकाऱ्याला झापलं तो व्हिडिओ बघितला असेल, नंतर संसदेत ‘गोमूत्र राज्यं’ बोलून वाद ओढवून घेतला. २०२४ ला पक्षाने तिकीट कापलं आणि मणी वकिलांना दिलं, ज्यांना जिल्ह्याबाहेर कुणी ओळखत नव्हतं. आणि तेच निवडून आले.

कोलांटउडी:

एवढं सगळं वाचून माझं मत तेच, जात. फक्त आता एका शब्दाऐवजी दोन म्हणतो, जात आणि पाणी.

रिकामटेकडा निरीक्षक:

@कोलांटउडी, पाणी धरलंत हेही नसे थोडके.

@तळटीप, २०२४ ला पेन्नागरम, धर्मपुरीत सौम्या पुढे आणि हरूरकडे मागे असं असणार, असा माझा अंदाज आहे. विधानसभानिहाय कुठे मिळेल?

तळटीप:

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर फॉर्म २० म्हणून फाइली असतात, त्यात प्रत्येक मतदान केंद्राची मोजणी असते, नुसती विधानसभानिहाय नाही. हरूर उघडलंत तर सित्तेरी डोंगरावरची केंद्रं आणि खालच्या मैदानातली केंद्रं वेगवेगळी लावा, एकत्र सरासरी काढलीत तर काहीच दिसणार नाही. फाइल बऱ्याचदा स्कॅन केलेली असते आणि गावांची नावं तामिळमध्ये, तेव्हा चहा घेऊन बसा.